वरून दुसरं बटण

—हात खाली नका आणू, सर. असेच ठेवा, बुजगावण्यासारखे. सत्तावीस टाचण्या आहेत तुमच्या अंगावर, आणि कुठली कुठे आहे ते फक्त मला माहीत आहे. आत्ता दाराकडे बघितलंत ना, तेव्हा काखेतली जराशी टोचली की नाही? टोचणारच, तिथे मी दोन लावल्यात. शनिवारच्या बक्षीस समारंभाला नवा कोट घालून मिरवायचं तर अर्धा तास टेलरच्या ताब्यात राहावं लागतं, मग तो हेडमास्तर असो नाहीतर राजा. 'त्या विषयावर मी काही बोलू शकत नाही, उद्या अकराला मीटिंग आहे' — हेच म्हणालात ना? मग नका बोलू. बरंच आहे, छाती हलत नाही, पुढचा भाग नीट बसतो. बोलायचं काम मी करतो. मला कुठे मीटिंग आहे.

उद्या अकराला तुम्ही पाच जण टेबलाभोवती बसून माझ्या नातीला शाळेतून काढणार. नववीतल्या पोरीला, परीक्षा तीन महिन्यांवर असताना. का, तर सोमवारी मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा जिन्यावरून गडगडत खाली आला, कोपर मोडलं, पुढचा दात गेला, आणि सगळ्यांचं म्हणणं की हिनेच ढकललं. ढकललेलं नाही, सर. ते मी शपथेवर सांगतो, पण त्याचं मागाहून बघू. नुसतं काढून तुमचं समाधान होत नाही ना — दाखल्यावर शेरा मारणार. 'हिंसक प्रवृत्ती.' दोन शब्द. पण हे दोन शब्द घेऊन ती ज्या शाळेच्या दारात जाईल तिथला शिपाईसुद्धा तिला बाकावर बसवताना चार हात लांब उभा राहील. माझ्या सुनेला काल ऑफिसात बोलावून हे सांगितलंत तेव्हा ती रडली. आणि मी हसलो. तुमच्या कपाळावर अशी आठी चढली की मला वाटलं इस्त्री आणावी. मनात म्हणाला असाल, काय निर्लज्ज म्हातारा आहे, नातीचं वाटोळं होतंय आणि याला दात काढायचं सुचतंय.

मी का हसलो ते सांगतो. डावा खांदा सैल सोडा. तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, माहीत आहे का? बायकोलासुद्धा माहीत नसेल. मला तीस वर्षं माहीत आहे, आतून पॅड घालून मी तो झाकत आलोय, कुणाला बोललो नाही. तर — तुम्ही टेबलाच्या खणातून तो फॉर्म काढलात. सर्वेवाल्या बाईंचा. दोन महिन्यांपूर्वी त्या आल्या होत्या, गळ्यात ओळखपत्र, हातात गठ्ठे, मुलांच्या स्वभावाचा आणि मारामारीचा काय संबंध असतो ते मोजायला. साठ वाक्यं. प्रत्येकासमोर तीन चौकोन — नेहमी, कधीकधी, कधीच नाही. तुम्ही चष्मा लावून आम्हाला वाचून दाखवलंत, अगदी गंभीर आवाजात. 'लोकांना घाबरवायला मला आवडतं — नेहमी. दुसऱ्याची फजिती झाली की मला आनंद होतो — नेहमी. शिक्षकांची नक्कल केल्याशिवाय मला चैन पडत नाही — नेहमी. राग आला की मी हातातली वस्तू फेकतो किंवा फेकते — नेहमी.' आणि मग म्हणालात, एकशे वीसपैकी सत्त्याण्णव गुण, अख्ख्या शाळेत सगळ्यांत जास्त, त्याच्या खालचा आकडा सत्तरचा. सर, मी सातवी नापास माणूस. आयुष्यात पहिल्यांदा शाळेत पहिला आलो, आणि ते मला माझ्या सुनेसमोर हेडमास्तरांच्या तोंडून ऐकायला मिळालं. हसू नको तर काय करू?

हो, मीच. मीच भरला तो. आता तुमचं तोंड उघडं पडलंय ते मिटा, मान वर येते त्याने. रविवारी दुपारी ती इथे, या कापडाच्या ढिगावर पालथी पडली होती, हातात तो फॉर्म, म्हणाली, आबा, कंटाळा आलाय, साठ आहेत. मी म्हटलं वाच तू, खुणा मी करतो. ती वाचायची आणि मी माझं उत्तर ठोकायचो. पोट धरून हसत होतो आम्ही. खाली पालकांच्या सहीला जागा होती, तिथे सुनेने कामावरून येता येता सही केली, वाचलंबिचलं नाही. आणि पुरावा हवा असेल तर फॉर्म खणात आहे ना अजून? काढून बघा. खुणा निळ्या आहेत. पेनाच्या नाहीत, या पेन्सिलीच्या आहेत — ही, कानावरची, कापडावर मार्किंग करायची, पाण्याने जाणारी. बोट ओलं करून घासा, सगळी हिंसक प्रवृत्ती पुसून जाईल. कुठल्या नववीतल्या पोरीच्या दप्तरात ही असते? एवढं तरी बघायचं होतं. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासता तुम्ही.

आणि दुसरी गोष्ट. फॉर्मच्या वरती ठळक अक्षरांत छापलं होतं, 'तुमची उत्तरं गुप्त राहतील.' मी वाचलंय, मला वाचता येतं, सातवी नापास असलो तरी. गुप्त. मग कोपऱ्यात हजेरी क्रमांक कशाला होता? आणि बाईंकडे जायचा गठ्ठा तुमच्या खणात कसा राहिला? गिऱ्हाइकाचं माप मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत नाही, सर. या वहीत अख्ख्या गावाच्या कमरा आहेत. कोण दोन वर्षांत किती सुटला, कोण आजाराने किती वाळली, कुणाला कोटाच्या आत चोरखिसा हवा असतो आणि तो कुणापासून — सगळं आहे, आणि माझ्या तोंडून एक इंच बाहेर गेलेलं नाही. मी पडलो अर्धवट शिकलेला शिंपी. तुमच्या भिंतीवर तीन पदव्या फ्रेम करून लावल्यात, आणि तुम्ही पोरांना गुप्त म्हणून लिहायला लावलेलं त्यांच्याच आयांना वाचून दाखवता. मला राग येतोय, सर. मी थट्टेच्या सुरात बोलतोय म्हणून तुम्हाला कळत नसेल, पण मला फार राग येतोय. टाचणी माझ्याच बोटात गेली बघा.

थांबा, काही नाही, चोखलं की थांबतं. कोटाला लागलं नाही.

मला शाळेतून का काढलं ते विचारा. हस्तकलेच्या मास्तरांनी कोट काढून खुर्चीला अडकवला होता, मी त्याच्या दोन्ही बाह्या मनगटाशी आतून शिवून बंद केल्या. बारीक टाका, बाहेरून दिसायचा नाही. तपासनीस आले, मास्तर घाईत कोट घालायला गेले आणि दोन्ही हात आत अडकून तसेच वर्गभर फिरले, पंख छाटलेल्या कोंबड्यासारखे. आठवलं तरी अजून — हां. मला वेताने मारलं, चार दिवस बसता येत नव्हतं, आणि नाव काढून टाकलं. बापाने मशीनवर बसवलं. म्हणाला, टाका चांगला घालतोस. पण एक आहे, त्या मास्तरांनी माझ्या दाखल्यावर काही लिहिलं नाही. 'घरच्या अडचणीमुळे' लिहिलं. सगळा वर्ग हसला होता त्यांना, तरी त्यांनी ते लिहिलं. आणि तुम्ही — घाबरू नका, बाह्या शिवून बंद करायचं वय गेलं माझं. गेलं असं वाटतं.

वळा. सावकाश. पाठ बघू.

तुम्हाला कोण मारतं आणि कोण मार खातं हे समजायला साठ वाक्यं लागतात. मला शर्ट लागतो. या गावात शाळेचा गणवेश मी शिवतो आणि फाटला की माझ्याचकडे येतो. कॉलर मागून उसवलेली असेल तर पळणाऱ्याला मागून धरलंय. खिसा खालच्या कोपऱ्यातून फाटला असेल तर काहीतरी हिसकावलंय. बाही खांद्याशी निघाली तर दोघांनी दोन बाजूंनी ओढलंय, आणि हसत हसत ओढलंय, कारण रागाने ओढणारा मनगट धरतो. जो मारतो त्याच्या शर्टाचं काय फाटतं माहीत आहे? काखेतली शिवण. हात उगारून उगारून. तुमच्या शाळेचा मॉनिटर, तो चिकण्या भांगाचा, तुम्ही शनिवारी ज्याला आदर्श विद्यार्थी म्हणून बक्षीस देणार आहात — त्याच्या तीन शर्टांच्या काखा मी या वर्षात शिवल्यात. उजव्या. आणि एक पोर आहे सहावीतलं, त्याच्या शर्टाला काहीच होत नाही, एक टाका निघत नाही, फक्त माप घेताना मी फीत पाठीमागे नेली की ते खाली बसतं. ते शाळेतलं नाही, ते घरचं. हे तुमच्या फॉर्मात कुठे आहे? कुठला चौकोन? कुणी मला विचारलं का कधी? बाई आल्या, गेल्या, चहा प्यायल्या, त्यांची कुर्ती मी इथेच आखूड करून दिली, त्यांनीसुद्धा विचारलं नाही. शिंप्याला काय विचारायचं.

काय म्हणालात? पुन्हा म्हणा. 'मग पडलेल्या मुलाचे शर्ट?'

हुशार आहात. उगीच नाही हेडमास्तर झालात.

आले ना. आले की. त्याचेही आले. चार वेळा. मधल्या सुट्टीत स्वतःच यायचा, घरी कळू नये म्हणून. शर्ट काढून माझ्या हातात द्यायचा आणि ट्रायलच्या पडद्यामागे उघडा उभा राहायचा, दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारून. बारीक चण, बरगड्या मोजून घ्या. चारही वेळा एकच — वरून दुसरं बटण गायब. नुसतं तुटलेलं नाही, कापडाचा तुकडा घेऊन गेलेलं. समोरून मुठीत धरून झटका दिला की तसं होतं. मी म्हणायचो, काय रे, आज कुठल्या वाघाशी लढलास? तो हसायचा. माझ्या विनोदाला सगळे हसतात. मी रफू करून द्यायचो, असा की त्याच्या आईला भिंगातून दिसला नसता, आणि बटण लावून द्यायचो. बटण शोधायला लागायचंच नाही, डब्यात असायचंच, त्याच्याच शर्टाचं, आदल्या खेपेला तिने आणून टाकलेलं — 

समोर बघा, सर. आरशात नका बघू. समोर.

बटणं सगळीच सारखी असतात. शाळेची पांढरी बटणं, चार भोकांची, घाऊक येतात, हजारो आहेत. कुणाचं कुठलं कसं सांगणार? नाही सांगता येत. फक्त — मी गाठ वेगळी मारतो. बापाने शिकवलेली, दोन वेढे उलटे. बटणाच्या मागे कापडाचा तुकडा असेल आणि त्यावर ती गाठ असेल, तर — तिने मला सांगितलं होतं, आबा, मैदानात सापडलं. 'घे, तुझ्या डब्याला.' पहिल्यांदा मी म्हटलं वा, माझी हिशेबी पोर. दुसऱ्यांदा मी तुकडा बघितला. तिसऱ्यांदा बघितला नाही. बघायची गरज नव्हती. चौथ्यांदा त्याच डब्यातून काढून त्याच शर्टाला लावलं, तो पडद्यामागे उभा, आणि मी त्याला विनोद सांगत होतो.

आता बोलू नका तुम्ही. तोंडातून एक शब्द काढू नका, अजून अस्तर टाचायचंय.

तुम्ही म्हणाल तिला का नाही विचारलं. कसं विचारणार? तुम्ही तिला ऑफिसात मान खाली घालून उभी असलेली बघितली आहे, दुकानात बघितली नाही. ती आत आली की गिऱ्हाइकं थांबतात, जात नाहीत. कुणाचीही नक्कल करते. तुमची करते — चष्मा पुसता पुसता 'प्रश्न शिस्तीचा आहे' म्हणायची. त्या पोराचीही करायची, त्याला 'र' म्हणता येत नाही, त्याची. सूनबाई ओरडायची, अशी नक्कल करू नये. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचो. तिला कळतं, सर, कुठे बोट ठेवलं की माणूस कळवळेल आणि बाकीचे हसतील. नेमकं कळतं. ही कला आहे, ती काही तुमच्या पुस्तकातून येत नाही, ती — ती माझ्याकडून आली. दुसरीकडून कुठून येणार? तिचा बाप, माझा मुलगा, परगावी नोकरीला आहे, महिन्यातून एकदा येतो. दुकानात पाय ठेवत नाही. बाहेरच्या बाकावर बसतो, पावसातसुद्धा. लहान असताना त्याला कात्रीची भीती होती. एवढी मोठी कापडाची कात्री, मी गिऱ्हाइकांसमोर ती त्याच्या कानाजवळ नेऊन वाजवायचो, कचाक. लोक हसायचे. तोही हसायचा. म्हणजे — दात दिसायचे त्याचे. मी त्यालाच हसणं समजत होतो. तुम्ही काल तो फॉर्म वाचत होतात ना, 'लोकांना घाबरवायला मला आवडतं', तेव्हा सून माझ्याकडे बघत होती. तिच्या मुलीकडे नाही. माझ्याकडे. थट्टा म्हणून भरला होता मी तो फॉर्म, पण कालपासून एकच वाटतंय की त्यात खोटं एकही लिहिलं नव्हतं.

ढकललं नाही तिने. मी म्हटलं ना शपथेवर सांगतो. ऐकायचंय कसं ते? नीट उभे राहा मग.

चौथ्या वेळी मला राग आला. तिचा नाही — कुणाचा कुणास ठाऊक, बटणाचा. मी म्हटलं हिला आता मजा दाखवू. सरळ बोलायचं सोडून, बघा, साठ पार केलेला माणूस, पोरीला समोर बसवून 'का गं करतेस हे, त्या मुलाने तुझं काय घोडं मारलंय' एवढं विचारायचं सोडून मी काय केलं? शेजारच्या बूटवाल्याकडून मेण लावलेला दोरा आणला. बुटाचा तळ शिवतात तो. शर्टाच्या आतून बकरमची, कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाची, चकती लावली, म्हणजे कापड फाटायला नको. तिच्यावर आतल्या बाजूने छोटं बटण, बाहेर मोठं, आणि दोन्हींतून मिळून बारा फेरे. कोटाला घालत नाही मी एवढे. मग दाताने ओढून गाठ. शर्ट टांगला असता तर त्या बटणावर तुम्ही लोंबकळला असता. आणि काम करताना मी गालातल्या गालात हसत होतो, सर. आता ती झटका देईल, बटण येणार नाही, तिचं तोंड कसं होईल — ते डोळ्यांसमोर आणून हसत होतो. घरी येऊन म्हणेल, आबा, तू लबाड आहेस. मग दोघं हसू, आणि हसता हसता ती समजेल की मला माहीत आहे, आणि सोडून देईल. न बोलता काम होईल. असा माझा बेत. झकास बेत.

ती दोन पायऱ्या खाली होती, तो वर. चारही वेळा काय व्हायचं — ती बटण धरून झटका द्यायची, बटण तिच्या मुठीत यायचं, पोरगं जागच्या जागी उभं राहायचं, बाकीचे हसायचे, झालं. पाचव्यांदा बटण आलं नाही. पोरगं आलं. अख्खं आलं, तिच्या अंगावरून खाली. तुमच्या त्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत, मी काल मोजल्या.

सोमवारी ती घरी आली तेव्हा तिच्या बोटावर कापल्याची रेघ होती, दोऱ्याची. रडत नव्हती. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, 'आबा, तुटलंच नाही.' बस, तेवढंच. मला सांगत होती की विचारत होती, मला कळलं नाही. मी काय केलं असेल? विनोद केला. काय ते विचारू नका. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

आणि काल, तुमच्या ऑफिसातून मी दुकानात आलो, तर त्या मुलाची आई दारात. हातात शर्ट. दवाखान्यात हात सुजला म्हणून कात्रीने कापून काढलेला, बाही एकीकडे, पाठ एकीकडे. म्हणाली, जोडता येईल का बघा, दोनच आहेत त्याला. मी हातात घेतला. बटण जागच्या जागी. वर रक्ताचा डाग, आणि बटण हललेलं नाही, दोरा ताठ. तिने बोट लावून बघितलं. म्हणाली, 'हे मात्र तुम्ही पक्कं बसवलंत हो.' चांगल्या मनाने म्हणाली. आभार मानायच्या सुरात. सर, मला आयुष्यात वेत बसले, बापाच्या पट्ट्याचे मार बसले, पण — 

हो. हो, तिने केलं. ओढलं तिने. तुम्ही तोंड उघडायच्या आत मीच सांगतो. पाच वेळा ओढलं, आपल्यापेक्षा अशक्त पोराला, चारचौघांत, कारण लोक हसतात. ते लिहा. तारखेसकट लिहा, मी साक्षीला येतो, बटणं घेऊन येतो. काय शिक्षा द्यायची ती द्या, मी हात जोडायला येणार नाही. पण ते सत्त्याण्णव गुण तिचे नाहीत. ते तिच्या दाखल्यावर चढवू नका. ती निळी खूण माझी आहे, बुटाचा दोरा माझा आहे, आणि त्या पोराला पडद्यामागे उभं करून चार वेळा हसवणारा मी आहे. तुमच्या मीटिंगमध्ये मला बसवायला जागा नसेल, कारण सातवी नापास माणसाला कुठल्या शाळेतून काढणार? पण लिहायचंच असेल ना दोन शब्दांत, तर माझ्या नावापुढे लिहा. मी सही करतो. आणि तिला विचारा, एकदा, सगळ्यांसमोर नाही, एकटीला खोलीत बसवून विचारा. साठ वाक्यं नकोत. एकच.

नाही — थांबा. ते तरी तुमच्यावर कशाला टाकतोय मी.

हात वर करा जरा, बाही — नको. राहू द्या. नाही होणार आज. कापडाऐवजी तुम्हालाच शिवीन. सरळ हात मागे करा, मी काढतो कोट, सावकाश, सावकाश, ओढू नका. हां. निघाला. तुमचा जुना कोट तिथे खुंटीवर आहे. शुक्रवारी दुपारी या, तयार असेल, खांद्याचं पॅड नेहमीसारखं घालतो.

आणि आता जा, सर. एक वाजत आला, तुम्ही मीटिंगपर्यंत घरी बसवलेली पोर जेवणाचा डबा घेऊन येईल इतक्यात. मला तिच्याशी बोलायचंय, आणि तिला हसवायचं नाहीये. आजवर कधी केलं नाही मी हे, जमतंय की नाही ते बघायला कुणी समोर नको. बाहेर गेलात की दार लावून घ्या.